सायकलीवरची सोनेरी रेघ

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एरवी दोनच गोष्टी लागतात. टाकी धुणार म्हणून पाणी बंद, आणि गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. त्यामुळे मी तिकडे बघायचं कधीच सोडून दिलंय. त्या सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन वर येत होतो, तर सेक्रेटरींनी मला जिन्याच्या तोंडाशी अडवलं आणि बोट करून नोटीस दाखवली. जिन्याखालची आणि पार्किंगमधली गंजलेली, बेवारस वाहनं दसऱ्यापर्यंत हलवावीत, नाहीतर ती भंगारात दिली जातील.

"आमची बेवारस नाही," मी म्हणालो.

"अहो, मला माहितीये ना, काकांची सायकल आहे. पण दिसते कशी, तुम्हीच बघा."

"रोज वापरतात ते."

"वापरतात हे मला कळतं हो, कमिटीला कसं कळणार? रंगबिंग मारून घ्या ना. चकाचक दिसली की कोण कशाला बोलतंय!"

मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत असे, कारण नाही म्हटलं की पुढे बोलावं लागतं, आणि बोलायचा मला कंटाळा आला होता. पिशव्यांमधलं दूध कोमट होत होतं. वर बाबा उठलेले असणार, त्यांना बाथरूमला न्यायचं होतं, चहा द्यायचा होता, गोळ्या द्यायच्या होत्या.

बाबा चौऱ्याऐंशीचे. कोकणातून आले, गिरणीत लागले, गिरणी सुटल्यावर अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात पॅकिंगला लागले. कांदिवलीहून अंधेरीला ते सायकलने जात. थंडीवाऱ्यात, पावसात, सायकलने. ती हीच सायकल, काळी, उंच दांडीची, मागे मोठं कॅरिअर असलेली. चालवणं त्यांनी पंच्याहत्तरीनंतर सोडलं, एकदा रिक्षाला घासून पडले तेव्हा. पण सायकल सोडली नाही. पुढे गुडघे गेले, तोल जायला लागला. डॉक्टरांनी काठी सांगितली. मी काठी आणली, ती त्यांनी दरवाज्यामागे उभी केली आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले. चार पायांचा वॉकर आणला, तो बघून म्हणाले, "ह्यो घेवन मी रस्त्यार जावं? लोक काय म्हणतले?" साठ वर्षं मुंबईत काढून त्यांची बोली अर्धी मालवणी, अर्धी मुंबईची झालेली आहे. रागावले की पूर्ण मालवणी होते.

मग त्यांनीच तोड काढली. एका हाताने कठडा, एका हाताने मला धरून पहिल्या मजल्यावरून खाली यायचं. जिन्याखालून सायकल बाहेर काढायची. दोन्ही हातांनी हँडल धरायचं आणि ती ढकलत चालायचं. गेटमधून बाहेर, औषधाच्या दुकानावरून, कोपऱ्यावरच्या पेपर स्टॉलपर्यंत. तिथे पेपर घ्यायचा, कॅरिअरला लावायचा, परत. सगळा भार हँडलवर. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा आत्ताच कुठूनतरी सायकल मारून आलाय आणि जरा उतरून चालतोय. रिक्षावाले हाक मारत, "काय काका, कुठे दौरा?" आणि बाबा मान हलवून पुढे जात. तो दौरा म्हणजे त्यांचं दिवसातलं एकमेव काम. त्यावर त्यांचे पाय टिकून होते, भूक टिकून होती, आणि माणूस म्हणून जी काय ऐट असते तीही टिकून होती. सायकल भंगारात गेली असती तर बाबा त्या दिवसापासून घरात बसले असते. हे मला माहीत होतं, माझ्या बायकोला माहीत होतं, आणि बाबांना तर होतंच.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पंचावन्नचा. माझ्या कंपनीने आमचा विभागच बंद केला, आणि नेमकी त्याच सुमाराला आई गेली. घरात बाबांकडे बघायला कोणीतरी हवंच होतं. बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला, तिची नोकरी चालू. मुलगी पुण्याला. राहिलो मी. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, अगदी जुळून आलं. मलाही तसंच वाटलं होतं, पहिले सहा महिने. त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. बाबांना अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, बटणं लावायची, भात मऊ करायचा, कानाचं मशीन शोधायचं, ते मशीन नको म्हणून काढून ठेवलं की पुन्हा शोधायचं. यातलं एकही काम अवघड नाही. पण ते संपत नाही. दुपारी ते झोपले की मी गॅलरीत खुर्ची टाकून बसे आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघे. पुस्तक उघडायचीही ताकद नसे. बाबांचा मला राग येत असे का? येत असे. ते चमचा हळू उचलतात याचा येत असे. एकच प्रश्न तीनदा विचारतात याचा येत असे. मग त्या रागाची लाज वाटे, आणि लाजेने आणखी थकायला होई.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी बाबांना फिरवून आणलं आणि त्यांना म्हणालो, "आजपासून सायकल रंगवायला घेतो. चार-पाच दिवस फिरणं बंद."

"कसलो रंग देतंस?"

"तुम्ही सांगा."

"काळो. दुसरो कसलो!" ते म्हणाले. मग जरा थांबून, "बेगिन कर हां."

"होईल हो चार दिवसांत."

मी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला, जाडा आणि बारीक. तारेचा ब्रश, रेड ऑक्साइडचा डबा, काळा ऑइल पेंट, टर्पेंटाइनची बाटली, दोन ब्रश. जिन्याखाली जुने पेपर पसरले, सायकल उलटी करून सीटवर आणि हँडलवर उभी केली. आणि घासायला बसलो.

मी आयुष्यात हाताने काही केलेलं नाही. तीस वर्षं टेबलावर बसून कागद इकडचे तिकडे केले. त्यामुळे पहिल्या तासाभरातच बोटांची साल निघाली. पण तारेच्या ब्रशने गंज खाली पडायला लागला, लालसर भुकटी पेपरवर साचायला लागली, आणि त्याखालून लोखंड दिसायला लागलं, करड्या रंगाचं, स्वच्छ. मला ते बघत बसावंसं वाटलं. एक जागा घासली की ती घासलेली राहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघितलं तरी तशीच. बाबांच्या बाबतीत असं काही राहत नाही. आज अंघोळ घातली तर उद्या पुन्हा घालावी लागते, आज समजावलं तर संध्याकाळी पुन्हा समजवावं लागतं. इथे मडगार्ड एकदा साफ झालं की झालं. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून एखादं काम पूर्ण होत होतं.

दोन दिवस घासण्यात गेले. तिसऱ्या दिवशी रंगाखालचं अस्तर म्हणून रेड ऑक्साइड मारलं. सायकल विटकरी झाली. सेक्रेटरी येता-जाता थांबले. "अरे वा, एवढंच ठेवलंत तरी चालेल. कमिटीला दिसलं ना काम चालू आहे, बस झालं." म्हणजे सायकल वाचली होती. त्या घटकेला वाचली होती. चौथ्या दिवशी काळ्याचा पहिला हात मारला. आमच्याकडे नवरात्रात ऊन असं तापतं की गच्चीवर टाकलेली चादर तासात कडक होते. रंग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खडखडीत वाळला. मी नखाने दाबून बघितलं. ठसा उमटला नाही.

वर गेलो तर बाबा पलंगावर पाय खाली सोडून बसले होते. सदरा घालून, केस विंचरून.

"वाळलो काय रंग?"

मी म्हणालो, "अजून ओला आहे."

हे मी का म्हणालो, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ वेळा दिलंय आणि प्रत्येक वेळी ते एकच आलंय. मला खाली जायचं होतं. जिन्याखालच्या त्या चार फूट जागेत मला कोणी हाक मारत नव्हतं. बायको घरी असेल तेव्हा सकाळी तास-दीड तास, दुपारी बाबा झोपले की दोन तास. रंगाचा वास, ब्रशची सळसळ, वरून येणारा कुकरचा आवाज, आणि तो कुकर माझा नाही हे समाधान. सायकल तयार झाली असती तर मला पुन्हा त्यांच्या बाजूने, पावलाला पाऊल लावून पेपर स्टॉलपर्यंत चालावं लागलं असतं, ऊन डोक्यावर घेऊन, अर्धा-पाऊण तास. ते मला नको होतं. मला दुसरा हात मारायचा होता.

सहाव्या दिवशी दुसरा हात मारला. तो पहिल्यापेक्षा सरस आला, कुठे ओघळ नाही, ब्रशचा केस नाही. तो वाळत असताना मला आठवलं की या सायकलीच्या दांडीवर पूर्वी सोनेरी रेघ होती. नव्या सायकलींवर असे तशी, बारीक, दांडीच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्या लहानपणीच ती पुसट झाली होती. ती कोणाला नको होती. बाबांनी मागितली नव्हती, सेक्रेटरींना तर कल्पनाही नव्हती. तरी मी सोनेरी रंगाची छोटी डबी आणि चित्रकलेचा बारीक ब्रश घेऊन आलो आणि रेघ मारायचा सराव करायला लागलो, आधी जुन्या पेपरावर, मग घरातल्या रिकाम्या डब्यावर. रेघ सरळ येईना. हात थरथरायचा. मी ठरवलं की दंडाला टेकू हवा, म्हणून स्टूल घेतलं. मग स्टूल उंच पडलं, म्हणून पाट घेतला. तो दिवस असाच गेला.

आणि वर बाबा बसून होते.

पहिले चार-पाच दिवस ते रोज विचारत. सहाव्या दिवसापासून विचारेनासे झाले. मला वाटलं, बरं झालं, समजले. सातव्या दिवशी सकाळी ते बाथरूममधल्या स्टुलावरून उठेनात. म्हणजे उठायला बघत होते, पण मांड्या साथ देत नव्हत्या. मी काखेत हात घालून उचललं. त्या दिवसापासून पलंगाजवळ लघवीचं भांडं ठेवायला लागलो. सोय झाली. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं, दिवसातल्या पाच-सहा फेऱ्या वाचल्या.

बायकोने मात्र भांडं बघितलं आणि थेट मला विचारलं, "हे कधीपासून?"

"आजच. जरा अशक्तपणा आहे त्यांना."

"अशक्तपणा नाही हो, बसून बसून झालंय ते. दवाखान्यात बघते ना मी. या वयाची माणसं आठ दिवस पलंगावर राहिली की संपतं सगळं. पॅसेजमध्ये चालवा की त्यांना धरून."

"नाही चालत ते हात धरून. म्हणतात, मी काय लहान पोर आहे?"

"मग द्या ना त्यांची सायकल! केवढा वेळ लावताय तुम्ही त्या सायकलीला. राजवाडा रंगवताय का?"

"झालीच आता. दोन दिवस."

तिने बाबांच्या पायांना तेल लावलं आणि दवाखान्यात गेली. मी खाली गेलो आणि त्या दिवशी रेघ जमली. एका श्वासात, सीटपासून हँडलपर्यंत, केसाइतकी बारीक आणि सरळ. मी उभा राहून बघत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन येत होत्या, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, नवीन घेतलीत?" मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना रेघ कशी मारली ते सगळं सांगितलं. त्यांनी अर्धं ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. त्या दिवशी तरी मी सायकल देऊ शकलो असतो. पण मी ठरवलं की आता एवढं केलंच आहे तर चाकंही उघडू. दोन्ही चाकांचे बेअरिंग काढले, रॉकेलने धुतले, ग्रीस भरलं, चेनला तेल सोडलं. पूर्वी चाक फिरवलं की करकरत दोन फेरे घ्यायचं आणि थांबायचं. आता एका बोटाने ढकललं की फिरतच राहायचं. मी ते पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं.

मग आली खंडेनवमी. आमच्या घरात त्या दिवशी हत्यारांना आराम. कोयता, खिळे, पक्कड, आईची विळी, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. गिरणीत असताना बाबा आपल्या साच्याला, म्हणजे कापडाच्या मागाला, झेंडूचा हार घालून यायचे. कारखान्यात गेले तेव्हापासून घरची सायकलच त्यांचं हत्यार. त्यामुळे नवमीला सायकल चालवायची नाही, ढकलायचीही नाही, हा त्यांचाच नियम. मी सकाळी वर जाऊन त्यांना म्हणालो, "झाली बरं का. पण आज नवमी. उद्या पूजा करून काढू." तेवढा आणखी एक दिवस मला मिळाला, आणि तो मी देवाच्या नावावर घेतला. बाबा "बरा" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दसऱ्याला सकाळी बायकोने झेंडूचा हार ओवला, आंब्याच्या पानांसकट. आम्ही दोघांनी मिळून बाबांना खाली आणलं. सोळा पायऱ्या. एरवी ते एका दमात उतरत. त्या दिवशी मधल्या वळणावर दोनदा बसले. मी त्यांचा दंड धरला होता, तो मला ओळखीचा वाटेना, इतका हलका लागला. खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि मी सायकलीवरची चादर ओढून काढली.

त्यांनी बराच वेळ बघितलं. हात पुढे करून दांडीवरून फिरवला, रेघेवर बोट टेकवलं.

"ही खंय होती?"

"पूर्वीची होती ना. तुम्हीच सांगायचात."

"बरी काढलंस," ते म्हणाले.

त्यांनी हँडलला हळदकुंकू लावलं, हार घातला. बायकोने नारळ वाढवला, खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. सेक्रेटरीही येऊन गेले. "झकास! अरे, ही तर शोरूममधून आणल्यासारखी झाली." मग बाबांनी खोबरं सदऱ्याच्या खिशात टाकलं, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहिले आणि दोन्ही मुठींनी हँडल धरलं. मी बाजूलाच होतो. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, नेहमीसारखा सगळा भार हँडलवर टाकला. आणि सायकल पुढे पळाली.

ती आधी त्यांना धरून होती, हे मला तेव्हा कळलं. गंजलेल्या चाकांनी तिला चालू दिलं नव्हतं, म्हणून ती म्हाताऱ्याला झेपत होती. मी ग्रीस भरलं, आणि दहा दिवस बसून पायातली ताकद गेली होती. बाबा गुडघ्यांवर आले, मग हातांवर. सायकल भिंतीला जाऊन टेकली, हारासकट.

हाड मोडलं नाही. तेवढं नशीब. गुडघे फुटले होते, तळहात सोलवटले होते. आम्ही त्यांना खुर्चीतच उचलून वर नेलं. संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. जाताना दारात मला म्हणाले, मार किरकोळ आहे, पण पायाचे स्नायू उतरलेत, या वयात ते परत भरून यायला फार वेळ लागतो, आणि भरतीलच असं सांगता येत नाही. मी मान हलवली. शेजारीपाजारी भेटायला आले, आपट्याची पानं देऊन गेले. प्रत्येकाला मी ग्रीसचं सांगितलं. बेअरिंग मोकळे केले ना, त्यामुळे सायकल निसटली. सगळ्यांना पटलं. एकजण तर म्हणाला, म्हणूनच जुन्या वस्तूला फार हात लावू नये. मी हो म्हटलं. ग्रीस फार सोयीचं निघालं. आठ-नऊ दिवसांत त्यांचे पाय असे का झाले, हे कोणी विचारलंच नाही. बायकोला ते कळलं होतं. पण तिनेही विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर वॉकर आला. जुनाच, दरवाज्यामागे काठीशेजारी पडलेला. बाबा त्याने पलंगापासून गॅलरीपर्यंत जातात, तेही मी मागे असलो तर. बाहेर जात नाहीत. "ह्यो घेवन नाय," एवढंच म्हणतात. गॅलरीतल्या खुर्चीत बसतात, जिथे आधी मी बसायचो. पेपर मी आणून देतो, ते तो उघडत नाहीत. सायकल जिन्याखाली उभी आहे. येणारे-जाणारे तिच्याकडे कौतुकाने बघतात, आणि ती आता कोणीही भंगारात देणार नाही.

दिवाळी झाली. नंतर एक दिवस दुपारी मी बाबांची दाढी करत होतो. गॅलरीतच, खुर्चीत, गळ्याभोवती टॉवेल. दोन्ही गालांची दाढी झाली होती. ऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं, आणि ते पाय मला दिसत होते, पोटऱ्या नसलेले, सरळ. आणि मला एकदम तोंडातून निघून गेलं.

"बाबा, रंग वाळला होता. पाचव्याच दिवशी. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"म्हायत होता माका."

"काय माहीत होतं?"

"या उन्हात ऑइल पेंट काय आठ दिवस ओलो ऱ्हवता? मी काय रंग कधी मारूक नाय? दोनदा मारलंय मी त्या सायकलीक."

मी रेझर बाजूला घेतला. "मग बोलला का नाहीत? पायांतली ताकद जातेय, कळत नव्हतं तुम्हाला?"

"कळत होता."

"मग?"

त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही, समोरच्या टाकीकडे बघितलं.

"तू जिन्यावरून खाली जाताना शीळ घालीत होतंस," ते म्हणाले. "रोज. मशीन लावन ऐकत होतंय मी. तुझी आवस गेल्यापासून ऐकूक नव्हती. बोलून काय उपेग? तू मगे गप झालं असतंस."

मला शीळ घातल्याचं आठवत नाही. कुठलं गाणं होतं तेही नाही. मी आठवायचा खूप प्रयत्न केला, तिथेच उभं राहून. बाबांनी हनुवटी वर केली. मला रडायला येत होतं, पण हातात रेझर होता, आणि गळ्याखालची दाढी अजून राहिली होती.